बिळगीची पोर, मुंबईचा आवाज : अमीरबाई कर्नाटकी यांची गोष्ट

चिंताकी (प्रतिनिधी) : १५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या भागातल्या शाळांच्या मैदानावर सकाळी सकाळी भोंगा लागतो. जुन्या देशभक्तीपर गाण्यांत एक गाणं हमखास असतं, १९४३ च्या 'किस्मत' चित्रपटातलं 'दूर हटो'. परक्यांनो चालते व्हा, हिंदुस्थान आमचा आहे, असा त्याचा अर्थ. गाण्यात एक बाईचा आणि एक पुरुषाचा आवाज आहे. बाईचा आवाज जरा भरदार, मोकळा, गावाकडच्या बायका मोठ्यानं गातात तसा. ही बाई कोण, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण लताबाईंचं नाव घेतील. तो आवाज लताबाईंचा नाही. तो अमीरबाई कर्नाटकी यांचा आहे. आणि अमीरबाई कुठल्या दूरच्या नव्हत्या, विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या होत्या. कलबुर्गीहून जेवरगी, सिंदगी करत विजापूर गाठायचं, पुढं कृष्णा ओलांडायची, की आलं बिळगी. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात आहे.

३ मार्च ही त्यांची पुण्यतिथी. १९६५ साली त्या गेल्या. साठ वर्षं होऊन गेली तरी आपल्या सीमाभागात त्यांच्या नावाचा साधा उल्लेखही फारसा होत नाही. कन्नड भाषकांना त्या हिंदी सिनेमाच्या वाटतात, मराठी भाषकांना त्या कर्नाटकच्या वाटतात, आणि हिंदीवाल्यांच्या लेखी त्या लताबाईंच्या आधीच्या कुणीतरी. म्हणून आज त्यांची गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

नाटकाच्या घरात जन्म

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बिळगीत एका मुसलमान कलावंत घरात अमीरबाईंचा जन्म झाला. घरात नाटक होतं, पेटी होती, तबला होता. विजापूर भागातल्या मुसलमान घरांत दखनी आणि कन्नड दोन्ही बोली चालतात. आपल्या बिदरकडच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तर त्यात मराठी आणि तेलुगूचीही भर पडते.

अमीरबाईंना बहिणी होत्या. त्यांतली गौहर ही थोरली. दोघींचे गळे गोड होते आणि लहानपणीच दोघींच्या पायाला नाटकाची माती लागली. आईवडिलांचं छत्र लवकर गेलं आणि पोरींनी पोट भरायला जी कला येत होती तीच धरली. कन्नड नाटक कंपन्यांमधून त्यांनी कामं केली. त्या काळी नाटकात काम करणाऱ्या बाईला समाजात मान नव्हता. टाळ्या मिळायच्या, पैसाही थोडाफार मिळायचा, पण चांगल्या घरात तिला बसायला पाट मिळत नसे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा विजापूर, धारवाड, बेळगाव हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. सरकारी कारभार मुंबईचा, त्यामुळे पुणे-सांगलीच्या मराठी नाटक कंपन्या हुबळी, गदग, विजापूरला मुक्काम टाकत. लोक कन्नड बोलणारे, पण मराठी नाट्यपदं पाठ असलेले. ही देवघेव एकतर्फी नव्हती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्यामागं कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते, हे मराठी नाटकाचा इतिहासच सांगतो. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. मराठी संगीत नाटकाचं बी कर्नाटकात, आणि पुढं त्याच मराठी पदांच्या चालींवर कन्नड कंपन्यांनी आपली पदं बांधली. या वातावरणात अमीर आणि गौहर वाढल्या.

थोरली बहीण आणि बालगंधर्व

मराठी माणसाला यातली गौहर माहीत आहे. बालगंधर्वांच्या आयुष्यात आलेली गौहरबाई ती हीच, बिळगीची. (१९०२ साली कलकत्त्यात पहिल्यांदा रेकॉर्डवर गायलेली गौहर जान ती वेगळी.) बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. स्त्रीभूमिकेत त्यांच्यासारखा नट झाला नाही. त्यांच्यासारखी साडी नेसायची म्हणून घरंदाज बायका नाटकाला जायच्या. पण हिशेबाच्या बाबतीत गंधर्व नाटक मंडळी कायम कर्जात. पुढं बोलपट आले आणि नाटकाचा धंदा बसला.

गौहर बालगंधर्वांची पदं रेकॉर्डवर ऐकून हुबेहूब गाऊ लागली होती. १९३८ च्या सुमारास ती त्यांच्या मंडळीत आली. जो नट आयुष्यभर नायिका झाला, त्याच्या मंडळीत आता कर्नाटकातली एक मुसलमान बाई नायिका म्हणून उभी राहिली. पुणे-मुंबईच्या समाजाला हे रुचलं नाही. गंधर्वांचे अनेक चाहते तुटले. सगळा दोष गौहरवर टाकला गेला, आणि आजही तसंच बोललं जातं. पण कंपनीवर कर्ज ती यायच्या कितीतरी आधीपासून होतं, हे कुणी ध्यानात घेत नाही. गंधर्वांच्या पडत्या काळात, आजारपणात ती त्यांच्याजवळ होती. १९६४ साली ती गेली, १९६७ साली बालगंधर्व गेले.

२०११ साली 'बालगंधर्व' चित्रपट आला तेव्हा ही गोष्ट नव्या पिढीला कळली. मात्र गौहरची धाकटी बहीण त्याच काळात सगळ्या देशाला ऐकू जात होती, हे बहुतेकांना तेव्हाही कळलं नाही.

मुंबईची वाट आणि 'कर्नाटकी' हे नाव

अमीरबाईंनी नाटकाऐवजी सिनेमाची वाट धरली. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. सुरुवातीला जो नट तोच गायक. कॅमेऱ्यापुढं उभं राहून गायचं, वाजवणारे झाडामागं किंवा पडद्याआड बसवायचे. त्यामुळे ज्याला अभिनय आणि गाणं दोन्ही येतं त्याला मागणी होती, आणि अशी माणसं नाटक कंपन्यांतच मिळत. १९३४ च्या 'विष्णुभक्ती' चित्रपटापासून अमीरबाई पडद्यावर आल्या. पहिली काही वर्षं धडपडीची गेली. चित्रपट मिळत होते, नाव होत नव्हतं.

१९३५ च्या सुमारास कलकत्त्यात न्यू थिएटर्सनं गाणं आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवायची पद्धत आणली. हळूहळू मुंबईतही ती रुळली. आता गाणारा एक आणि दिसणारा दुसरा असं झालं. चेहरा देखणा नसला तरी गळा असेल तर काम मिळू लागलं. या बदलाचा फायदा ज्या पहिल्या पिढीला झाला, त्यात अमीरबाई होत्या.

त्यांच्या नावाची गंमत बघा. कर्नाटक नावाचं राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. विजापूर मुंबई इलाख्यात, म्हैसूर राजाचं, आणि आपलं बिदर-गुलबर्गा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सगळे भाग म्हैसूर राज्यात एकत्र आले आणि त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळालं १ नोव्हेंबर १९७३ रोजी. त्याच्या कितीतरी वर्षं आधी ही बाई मुंबईत कर्नाटकी म्हणून ओळखली जात होती. राज्य व्हायच्या आधी राज्याचं नाव रेकॉर्डच्या तबकडीवर घेऊन ती घराघरांत गेली. कन्नड लोकांनी तिला कन्नड कोकिळा म्हटलं, ते उगीच नाही.

'नरसी भगत' आणि 'किस्मत'

१९४० साली प्रकाश पिक्चर्सचा 'नरसी भगत' आला. दिग्दर्शक विजय भट्ट, संगीत शंकरराव व्यास यांचं, आणि नरसी मेहतांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, म्हणजे प्रभातच्या 'संत तुकाराम' मधले तुकाराम. गुजराती संताचा हिंदी चित्रपट, त्यात मराठी पागनीस आणि विजापूरच्या अमीरबाई. महात्मा गांधींचं आवडतं वैष्णव जन हे नरसी मेहतांचं पद या चित्रपटात अमीरबाईंनी गायलं. ते गांधीजींनाही आवडलं होतं, असं सांगितलं जातं.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी दिली ती 'किस्मत' ने. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९४३ च्या सुरुवातीला आला. दिग्दर्शक ग्यान मुखर्जी, नायक अशोककुमार, नायिका मुमताज शांती, गीतं कवी प्रदीप यांची, संगीत अनिल विश्वास यांचं. चले जावचा ठराव होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. अशा वेळी हे गाणं सरकारच्या परीक्षण मंडळातून सुटलं कसं? प्रदीप यांनी त्यात जर्मनी आणि जपानचं नाव घातलं होतं. महायुद्ध चालू होतं, हे दोन्ही इंग्रजांचे शत्रू. कागदावर गाणं शत्रूविरुद्ध, पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की चालते व्हा कुणाला म्हटलंय. लोक गाणं परत लावायला लावायचे. पुढं सरकारच्याही ते ध्यानात आलं आणि अटक होईल म्हणून प्रदीप यांना काही काळ लपून राहावं लागलं.

कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात 'किस्मत' तीन वर्षांहून जास्त चालला. पुढं 'शोले' येईपर्यंत एका ठिकाणी इतका चाललेला दुसरा चित्रपट नव्हता. एक कोटी रुपयांची कमाई करणारा पहिला हिंदी चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. मुमताज शांतीच्या तोंडी असलेली गाणी अमीरबाईंची. त्यात स्वातंत्र्याची ललकारी आहे, कृष्णाला हाक घालणारं भजन आहे, अंगाईसारखं हळुवार गाणं आहे, आणि ऐन दिवाळीत घरात अंधार असलेल्या बाईचं दुःखही आहे. एकाच चित्रपटात इतक्या तऱ्हा. अनिल विश्वास यांनी तिच्या गळ्यातला मोकळा, नाटकी जोर ललकारीसाठी वापरला आणि दुःखाच्या गाण्यात तोच गळा दाबून, खाली आणून गाऊन घेतला.

मग दारासमोर रांगच लागली. १९४४ च्या 'रतन' मध्ये नौशाद यांनी तिला विरहाचं गाणं दिलं, ते गल्लोगल्ली झालं. १९४६ च्या 'रणकदेवी' या गुजराती चित्रपटातलं तिचं गाणं आजही गुजराती घरांत जुनी माणसं गुणगुणतात. आपल्या मराठी मातीतले, पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९४७ च्या 'शहनाई' साठी तिला घेतलं आणि नजरेच्या कट्यारीचं ते ठसकेबाज गाणं गाजलं. हिंदी, गुजराती, कन्नड, जिथं बोलावणं आलं तिथं ती गायली.

गाणं गाजलं, पैसा कुणाकडं गेला

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला हिशेब दिसतो. त्या काळची तबकडी लाखेची, एका मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. म्हणून त्या काळची गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची. हातातून पडली की फुटली. 'रतन' च्या रेकॉर्डी इतक्या खपल्या की रॉयल्टीची रक्कम चित्रपटाच्या खर्चाच्या वर गेली, असं सांगतात. पण ही रॉयल्टी निर्मात्याची. गाणाऱ्याला गाण्याच्या दिवशी जे ठरलं ते हातात, पुढं लाख रेकॉर्डी खपोत की शंभर, त्याचा संबंध संपला. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई भांडल्या ते १९६० नंतर. अमीरबाईंच्या पिढीला तो शब्दही कुणी सांगितला नसेल.

पैशाचं सोडा, नावाचीही तीच तऱ्हा. १९४९ च्या 'महल' मधलं लताबाईंचं गाणं आलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. लताबाईंचीच ही गत, तर आधीच्यांचं काय. फिल्मफेअरनं गायनासाठी बक्षीस द्यायला सुरुवात केली १९५९ साली. तोपर्यंत अमीरबाईंचे दिवस संपले होते. ज्या बाईच्या आवाजावर एक चित्रपट तीन वर्षं चालला, तिच्या घरात त्यासाठी एकही ढाल नव्हती.

घरातला अंधार

बाहेर नाव होत असताना घरात सुख नव्हतं. अमीरबाईंचं लग्न हिमालयवाला या नावानं खलनायकाच्या भूमिका करणाऱ्या नटाशी झालं होतं. या संसारात मारहाण होती, तिच्या कमाईवर हक्क सांगणं होतं. रोज स्टुडिओत जाऊन दुसऱ्या बाईचं दुःख गायचं आणि घरी येऊन स्वतःचं सोसायचं. त्या काळात बाईनं नवऱ्यापासून सुटका मागणं सोपं नव्हतं. तिनं ती मागितली आणि मिळवली. फाळणीनंतर हिमालयवाला पाकिस्तानात गेला आणि तिकडच्या चित्रपटांत काम करू लागला. पुढं अमीरबाईंनी 'पारस' या फिल्मी मासिकाचे संपादक बद्री कांचवाला यांच्याशी संसार मांडला, तो मात्र टिकला.

फाळणीच्या वेळी नूरजहाँ गेली, खुर्शीद गेली. लाहोर-कराचीत नवा धंदा उभा राहत होता, इथल्या नावाजलेल्या कलावंतांना तिकडं मागणी होती. अमीरबाई गेल्या नाहीत. त्यांचं गाव विजापूरकडं होतं, त्या इथंच राहिल्या. त्यावर त्यांनी कधी भाषण केलं नाही, की कुणी त्यांना शाबासकी दिली नाही.

उतरता काळ

१९४८ साली 'शहनाज' या चित्रपटाला अमीरबाईंनी संगीत दिलं. तोपर्यंत सरस्वतीदेवी, जद्दनबाई अशी मोजकी नावं सोडली तर हिंदी सिनेमात बाई संगीतकार नव्हतीच. आजही फारशा नाहीत. तेव्हा बिळगीच्या नाटकातून आलेल्या, कुठल्या गायन विद्यालयाचं प्रमाणपत्र नसलेल्या बाईनं वादकांसमोर उभं राहून चाली सांगाव्यात, ही मोठी गोष्ट होती.

पण वारं फिरलं होतं. १९४९ मध्ये 'महल', 'बरसात', 'अंदाज' आले आणि लता मंगेशकर यांचा पातळ, टोकदार आवाज सगळीकडं घुमू लागला. मायक्रोफोन सुधारले होते, मोठ्यानं गायची गरज उरली नव्हती. नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून तयार झालेले भरदार गळे आता जुने वाटू लागले. अमीरबाई, जोहराबाई अंबालेवाली, दोघींचीही गाणी दोन-चार वर्षांत कमी झाली. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. काळाची आवड बदलली, एवढंच. ज्या यंत्रानं अमीरबाईंना नटीच्या सावलीतून बाहेर काढलं, त्याच यंत्राच्या पुढच्या सुधारणेनं त्यांना बाजूला केलं.

त्यांनी तक्रार केली नाही. पुन्हा कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या आणि आई, मावशी, शेजारीण अशा लहान भूमिका केल्या. पडद्यावर त्यांना बघणाऱ्या नव्या पोरांना या बाईनं 'किस्मत' गाजवलाय हे ठाऊकही नसायचं.

विजापूर मात्र त्यांनी सोडलं नाही. कमावलेल्या पैशातून तिथं थिएटर उभं राहिलं, अमीर टॉकीज. मुंबईत बंगला बांधून बसणारे पुष्कळ. गावात थिएटर बांधून आपल्या माणसांना सिनेमा दाखवणं हे वेगळं. शेवटी अर्धांगवायूचा झटका आला आणि चार दिवसांत, ३ मार्च १९६५ रोजी सगळं संपलं. त्यांना विजापूरच्या मातीतच ठेवलं.

आपल्याला काय

हंपीच्या कन्नड विद्यापीठातले अभ्यासक रहमत तरीकेरे यांनी कन्नडमध्ये अमीरबाईंचं चरित्र लिहिलं, म्हणून कन्नड वाचकाला तरी त्या परत भेटल्या. मराठीत गौहरवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बालगंधर्वांच्या गोष्टीतला एक वाईट अध्याय म्हणून. धाकटीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

अमीरबाईंच्या हयातीतच, १९५६ साली, आपल्या जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसुरात. तेव्हापासून आपण शाळेचं माध्यम, दुकानाची पाटी, बसवरची भाषा यावर भांडत आलो. त्यातली काही भांडणं खरी आहेत, हक्काची आहेत, ती सोडा असं म्हणणं नाही. पण गाण्याच्या बाबतीत आपण कधी तुकडे केले नाहीत. चिंताकीच्या लग्नात आजही एकाच मांडवात मराठी, कन्नड आणि तेलुगू गाणी लागतात, आणि कुणी उठून जात नाही.

कर्नाटकचं नाव लावून मुंबईत राहणारी, गुजराती संताचं पद गाणारी, मुसलमान घरातून येऊन कृष्णाला हाक मारणारी, सी. रामचंद्रांच्या चालीवर ठेका धरणारी बाई आपल्या सीमाभागाला परकी कशी असेल? तिची गाणी आज मोबाईलवर फुकट मिळतात. विजापूर, बागलकोट, बिदर, कलबुर्गीतल्या शाळा-कॉलेजांनी ३ मार्चला तासभर ती लावली तरी खर्च काही नाही.

निदान येत्या १५ ऑगस्टला भोंग्यावर ते गाणं लागलं की शेजारी उभ्या असलेल्या पोराला एवढं सांगा, ही आपल्या विजापूरकडची बाई आहे, अमीरबाई.